18 टक्क्यांत न मोजलेलं बोट

इंदूरच्या सुदामानगरातून एका ताईंचं पत्र आलं आहे. थोडं आटोपशीर करून देतो.

"काका, माझे यजमान सांवेर रोडवरच्या एका कारखान्यात डाय सेटर आहेत, म्हणजे प्रेसमध्ये डाय (साचा) बसवतात. वय 34. मार्च 2024 मध्ये पॉवर प्रेसवर डाय बसवताना वरचा भाग खाली आला. उजव्या हाताच्या तर्जनीची दोन पेरं गेली, मधल्या बोटाचं एक गेलं. अनामिका वाचली, पण ती वळतच नाही, सरळच राहते. ईएसआयमधून (कर्मचारी राज्य विमा योजनेतून) उपचार झाले, सुट्टीचे पैसेही मिळाले. मग अपंगत्व किती ते ठरवणारं मेडिकल बोर्ड झालं आणि त्यांनी 18 टक्के दिले. ते पत्र 14 ऑक्टोबरला हातात पडलं, आता महिन्याचे पैसेही सुरू झालेत. ओळखीच्या हाडांच्या डॉक्टरांनी मात्र 45 टक्के लिहून दिलं आहे. अपील करावं असं मला वाटतं. पण शेजारी म्हणतात, पैसे घेतलेत म्हणजे निकाल मान्य केलात, आता काही होत नाही. सासरे गिरणीत होते, ते म्हणतात कोर्टाच्या भानगडीत पडू नका, जन्म जातो. मालकांनी ह्यांना त्याच 18,000 पगारावर स्टोअरमध्ये बसवलंय, त्यामुळे हे स्वतः म्हणतात, 'पगार तोच आहे, मग कुठल्या तोंडाने मागायचं?' बोर्डासमोर ह्यांना विचारलं होतं, 'काम हो जाता है?' हे म्हणाले, 'हो जाता है साहब.' काका, घरी ह्यांच्या शर्टाची बटणं मी लावते."

प्रिय ताई,

अपील करा. का आणि कसं ते पुढे सांगतो, पण आधी तारीख. बोर्डाचा निर्णय कळल्यापासून तीन महिन्यांच्या आत अपील दाखल व्हायला हवं. पत्र 14 ऑक्टोबरला मिळालं, म्हणजे मुदत संक्रांतीच्या सुमारास संपते. मध्ये नाताळच्या सुट्ट्या आहेत, वकील गावाला जातात, कचेऱ्या अर्ध्या रिकाम्या असतात. तेव्हा कागद डिसेंबरातच आत गेले पाहिजेत असं धरून चाला. सबळ कारण असेल तर उशीर माफ होऊ शकतो, पण मग आधी उशिरासाठी भांडायचं आणि नंतर बोटांसाठी. ही दुहेरी कटकट कशाला ओढवून घ्यायची? बोर्डाचं पत्र ज्या पाकिटातून आलं ते पाकीटही जपून ठेवा. पत्र कधी हातात पडलं याचा पुरावा त्यावरच्या टपालाच्या शिक्क्यातच आहे.

आता शेजाऱ्यांचं म्हणणं. त्यात एक धागा खरा आहे, बाकी गैरसमज. कर्मचारी राज्य विमा कायद्याच्या कलम 54-अ मध्ये असं आहे की विमाधारकाने बोर्डाच्या निर्णयावरून एकरकमी पैशांसाठी अर्ज केला आणि ती एकरकमी रक्कम उचलली, तर त्याला अपील करता येत नाही. पण एकरकमीची सोय रोजचा दर अगदी किरकोळ असेल तेव्हाच मिळते, तुमच्या यजमानांचा दर त्यात बसण्यासारखा नाही. त्यांना मिळतो तो महिन्याचा हप्ता. तो घेतल्याने काहीही बंद होत नाही. तो त्यांच्या हक्काचा आहे, अपील चालू असतानाही घेत राहा. फक्त "एकदम घेऊन टाकतो" अशा अर्थाच्या कुठल्याही अर्जावर सही करू नका, कोणी कितीही आपुलकीने पुढे केला तरी.

आता 18 हा आकडा कुठून आला ते बघू. कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत कोणता अवयव गेला तर कमाईची क्षमता किती टक्के गेली असं धरायचं, याची यादी आहे. तर्जनी पूर्ण गेली तर 14, दोन पेरं गेली तर 11, एक पेर गेलं तर 9. मधलं बोट पूर्ण गेलं तर 12, दोन पेरं 9, एक पेर 7. अनामिका किंवा करंगळी पूर्ण गेली तर 7. अंगठा एकटा 30. तुमच्या यजमानांच्या तर्जनीचे 11 आणि मधल्या बोटाचे 7, झाले 18. म्हणजे बोर्डाने बेरीज चुकवलेली नाही. एक्स-रेमध्ये जी हाडं दिसत नाहीत तेवढी मोजली आणि तिथेच थांबले.

अनामिका मात्र मोजलीच नाही, कारण एक्स-रेमध्ये ती आहे.

तुमचं सगळं अपील या एका मुद्द्यावर उभं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. त्याच अनुसूचीच्या शेवटी एक टीप आहे. एखाद्या अवयवाचा उपयोग पूर्णपणे आणि कायमचा गेला असेल, तर तो अवयवच गेला असं धरायचं, असा तिचा अर्थ. हात दिसतोय की नाही यापेक्षा तो चालतो की नाही याला कायदा महत्त्व देतो. अनामिकेचे स्नायूबंध तुटून ती कायमची ताठ झाली असेल आणि डॉक्टर तसं स्पष्ट लिहून देत असतील, तर तिचे 7 टक्के वेगळे मागता येतात. 18 चे 25 होतात. मधल्या बोटाचं उरलेलं खोडही आखडून निकामी झालं असेल, तर त्याचे 7 च्या जागी 12 मागता येतात आणि बेरीज 30 वर जाते. पण टीपेतले "पूर्णपणे" आणि "कायमचा" हे दोन शब्द फार कडक आहेत. बोट थोडंफार वळत असेल तर टीप थेट लागू होणार नाही. तिथे मुद्दा वेगळा मांडावा लागतो. ही इजा यादीत बसत नाही, तेव्हा प्रत्यक्ष कमाईची क्षमता किती घटली ते बघून ठरवा, असं म्हणावं लागतं. दोन्ही मुद्दे अपिलात एकाखाली एक घालायला काहीच हरकत नाही.

पैशांत हा फरक किती, ते ढोबळ काढू. 18,000 पगार, दिवसाचे साधारण 600. पूर्ण अपंगत्वाचा दर त्याच्या 90 टक्के, म्हणजे 540. त्याच्या 18 टक्क्यांनी रोजचे 97 रुपये 20 पैसे, महिन्याचे 2,916. 25 टक्के झाले तर रोजचे 135, महिन्याचे 4,050. 30 झाले तर 4,860. आणि हे हप्ते जन्मभराचे आहेत. ईएसआय चालवणारं महामंडळ महागाईप्रमाणे ते अधूनमधून वाढवतंही. मूळ टक्का कमी बसला तर ती वाढही कमी टक्क्यावरच बसते. तुमचे यजमान 34 वर्षांचे आहेत. महिन्याच्या हजार-बाराशे रुपयांसाठी कशाला, असं घरात कोणी म्हणालं तर त्यांना पुढच्या तीस-चाळीस वर्षांचा हिशोब करायला सांगा.

तुमच्याकडच्या 45 टक्क्यांच्या कागदावर फार भिस्त ठेवू नका. त्या डॉक्टरांनी खोटं लिहिलं असं मी म्हणत नाही. पण त्यांनी बहुधा शरीराचं नुकसान मोजलंय, जसं दिव्यांग प्रमाणपत्रासाठी मोजतात. बोर्डाला मोजायची असते कमाईची क्षमता. दोन्ही टक्क्यांत लिहितात म्हणून लोक एक आकडा दुसऱ्यासमोर धरतात आणि "बघा, हे 45 म्हणतात, तुम्ही 18 दिलेत" म्हणून भांडतात. अपील ऐकणारं न्यायाधिकरण तो कागद दोन मिनिटांत बाजूला ठेवतं. त्याच डॉक्टरांकडे परत जा आणि आकड्याऐवजी मोजमाप मागा. उजव्या हाताचा प्रत्येक सांधा किती अंशांत वळतो आणि किती वळायला हवा. पकडीचा जोर यंत्रावर किलोत किती भरतो, उजव्याचा आणि डाव्याचा वेगवेगळा. अंगठा आणि उरलेल्या बोटांच्या चिमटीत जोर किती. कापलेल्या टोकांना स्पर्श कळतो का, की तिथे हात लागला की कळ जाते. अनामिका ताठ का आहे, पुढच्या शस्त्रक्रियेने सुटण्यासारखी आहे का, नसेल तर "कायमस्वरूपी" हा शब्द. एवढं एका पानावर, सही-शिक्क्यासह आलं, तर ते पान 45 टक्क्यांच्या कागदापेक्षा कितीतरी जास्त कामाला येईल. ईएसआयच्या ज्या सर्जननी शस्त्रक्रिया केली, त्यांच्याकडूनच मिळालं तर उत्तम.

"पगार तोच आहे, मग कुठल्या तोंडाने मागायचं?" ताई, तुमच्या यजमानांसारखी सरळ माणसं इथेच अडतात, आणि मला याचं फार वाईट वाटतं. त्यांना हे वाचून दाखवा. कायद्यात कायमच्या अंशतः अपंगत्वाची व्याख्या अशी आहे की अपघाताच्या वेळी माणूस जी जी कामं करू शकत होता, त्या प्रत्येक कामातली त्याची कमाईची क्षमता कमी झाली. आज मालक किती देतात, हा त्यातला प्रश्नच नाही. त्या पगारामागे मालकांचा चांगुलपणा आहे, आणि त्याबद्दल त्यांचे आभार मानायलाच हवेत. पण उद्या कारखाना विकला गेला, मालकांच्या मुलाने स्टोअर कॉम्प्युटरवर नेलं, किंवा धंदा मंदावून माणसं कमी करायची वेळ आली, तर हे डाय सेटर म्हणून दुसऱ्या कुठल्या दारात उभे राहतील? पीथमपूरच्या कारखान्यांत विचारायला गेले तर आधी उजवा हात बघतील. ही जी किंमत बाजारात कमी झाली, तिचंच नाव कमाईची क्षमता. म्हणूनच काम चालू असतानाही हा हप्ता मिळतो. त्यात लाजण्यासारखं काही नाही. त्यांच्या पगारातून दर महिन्याला ईएसआयची वर्गणी कापली गेली आहे, मालकांनीही आपली भरली आहे. हे दान नाही.

"प्रत्येक कामातली" या शब्दांचा अर्थ असा की ते पूर्वी काय काय करत होते, त्याचे कागद जमवायला हवेत. आयटीआय केलं असेल तर ते प्रमाणपत्र. आधी कुठे लेथवर, कुठे फिटर म्हणून काम केलं असेल तर तिथली पत्रं, जुन्या पगाराच्या स्लिपा. बोर्डाच्या कागदावर नुसतं "प्रेस ऑपरेटर" किंवा "वर्कर" लिहिलेलं असेल, तर त्यांचं कसब कोणी पाहिलंच नाही असं समजा. डाय सेटरचं काम बटण दाबायचं नाही. जड डाय बेडवर नीट सरकवून सरळ रेषेत आणायची, बोल्ट एकेक करून सारखे आवळायचे, ॲलन की चिमटीत धरून अर्ध्या फेऱ्याचा अंदाज घ्यायचा, मधली फट बोटाने चाचपायची, मग व्हर्नियरने माप घ्यायचं. या सगळ्यात तर्जनी आणि मधलं बोट हेच मुख्य. आणि ताठ राहिलेली अनामिका नुसती निरुपयोगी नसते, ती आडवी येते. पान्हा मुठीत घेताना तीच आधी लोखंडावर आपटते.

आता ते वाक्य. "हो जाता है साहब."

कामगारांच्या तोंडून मी हे इतक्यांदा ऐकलंय की बोर्डाला जाणाऱ्या माणसाला मी आधी हेच सांगतो. साहेबासमोर कमीपणा दाखवायचा नाही, रडगाणं गायचं नाही, हे आपल्याकडे लहानपणापासून शिकवलेलं असतं. त्यात भाषा हिंदी, खोलीत तीन-चार डॉक्टर, बाहेर रांग. माणूस एका वाक्यात मोकळा होतो आणि ते वाक्य कागदावर उतरतं. तुमचे यजमान खोटं बोलले नाहीत. स्टोअरमधलं काम त्यांच्याकडून होतंच. पण त्यांना विचारायला हवं होतं की डाय बसवता येते का, आणि ते कोणी विचारलं नाही. दोष त्यांच्या माथी मारू नका, घरात यावरून बोलू नका. अपिलात ते वाक्य लपवायचंही नाही. उलट पहिल्याच पानावर लिहा की बोर्डासमोर "काम हो जाता है" असं मी म्हणालो ते सध्याच्या स्टोअरच्या कामाबद्दल होतं, डाय सेटिंगचं काम मार्च 2024 पासून मला करता आलेलं नाही. मालकांनी कामात बदल केल्याचं पत्र दिलं तर ते सोबत जोडा. हा बदल दुखापतीमुळे करावा लागला, एवढी एक ओळ त्यात असली की पुरे.

आणि पुढच्या तपासणीच्या आधी दोघांनी एका संध्याकाळी बसून एक यादी करा. सकाळी उठल्यापासून रात्रीपर्यंत उजव्या हाताने काय होत नाही आणि काय डाव्याने उरकावं लागतं. बटणं, नाडी, भाकरीचा तुकडा मोडणं, कुलपात किल्ली फिरवणं, मोटारसायकलचा पुढचा ब्रेक दाबणं, पेन धरणं. वाढवून एक शब्द लिहू नका. ज्याला त्रास होतो पण जमतं, तिथे "त्रास होतो पण जमतं" असंच लिहा. तपासणारे डॉक्टर अनुभवी असतात, एक गोष्ट फुगवलेली निघाली की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो. ही यादी हिंदीत नीट लिहून त्यांच्या खिशात असू दे. विचारलं की बघून सांगायचं.

आता अपील कुठे करायचं. तुमच्यापुढे दोन दारं आहेत. एक वैद्यकीय अपील न्यायाधिकरण, आणि तिथे समाधान झालं नाही तर पुढे कर्मचारी विमा न्यायालय. दुसरं, न्यायाधिकरण सोडून थेट विमा न्यायालय. माझं मत पहिल्या दाराकडे झुकतं. तुमचा वाद बोटाच्या वळण्याचा आहे, वैद्यकीय आहे, आणि या वाटेने गेलात तर हातात एक पायरी शिल्लक राहते. विमा न्यायालयानंतर मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचं इंदूर खंडपीठ आहे, मुदत 60 दिवस, पण तिथे फक्त कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच ऐकतात. अनामिका वळते की नाही हे उच्च न्यायालय बघत बसणार नाही. म्हणून जे काही सिद्ध करायचं ते खालीच, कागदानिशी, झालं पाहिजे. पुढे बघू म्हणून काही राखून ठेवू नका.

वकिलाच्या फीची काळजी असेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात औद्योगिक कामगाराला मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे, त्यासाठी उत्पन्नाची अट लागत नाही. ओळखपत्र, ईएसआयचा क्रमांक आणि बोर्डाचं पत्र एवढं घेऊन जा. ईएसआयची प्रकरणं चालवलेला वकील मिळावा, अशी विनंती तोंडी न करता अर्जातच लिहा.

बोर्डाच्या नुसत्या पत्रावर अपील उभं राहत नाही, पूर्ण अहवालाची प्रत लागते, ज्यात कोणत्या बोटाला किती टक्के हे लिहिलेलं असतं. शाखा कार्यालयात लेखी अर्ज करून पोच घ्या. टाळाटाळ झाली तर माहितीच्या अधिकारात 10 रुपये भरून मागा. उत्तराला 30 दिवस लागू शकतात, तोवर थांबू नका. अपील दाखल करून टाका, प्रत मागितल्याचं त्यात नमूद करा आणि आली की जोडा. अहवाल हातात आल्यावर आणखी एक गोष्ट तपासा. मूल्यांकन अंतिम आहे की तात्पुरतं. तात्पुरतं असेल तर बोर्डच पुन्हा बोलावणार आहे, आणि तेव्हाही वरची सगळी तयारी उपयोगाची आहे.

अपील केल्याने 18 चे कमी होतील का, ही भीती तुमच्या मनात असेल, पत्रात लिहिली नसली तरी. अपिलात सगळा आकडाच पुन्हा उघडा होतो, आणि अपील करायचा हक्क महामंडळालाही आहे, तेव्हा धोका शून्य असं मी म्हणणार नाही. पण तुमचे 18 थेट अनुसूचीतून, गेलेल्या पेरांवरून आले आहेत. ती पेरं कोणी परत आणू शकत नाही, त्यामुळे त्याखाली जायला जागा जवळजवळ नाही. ज्याला अंदाजाने टक्के मिळाले आहेत त्याने जास्त विचार करावा, तुम्ही नाही.

मालक नाराज होतील का? भांडण टक्क्यांचं आहे आणि ते महामंडळाशी आहे. वाढलेले पैसे महामंडळ देतं, मालकांच्या खिशातून एक रुपया जात नाही. यजमानांनी स्वतः जाऊन त्यांना हे आधीच सांगावं, बाहेरून कानावर जाण्यापेक्षा ते बरं.

सासरेबुवांचं म्हणणं मी हलक्यात घेत नाही. इंदूरच्या गिरणी कामगारांच्या पिढीने जे पाहिलं ते बघता त्यांनी असं म्हणणं अगदी साहजिक आहे. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडलेल्या हुकुमचंद मिलच्या कामगारांची देणी द्यायची व्यवस्था डिसेंबर 2023 मध्ये झाली, तोवर कित्येकांच्या विधवा आणि मुलं त्या रांगेत उभी होती. पण ते बुडालेल्या गिरणीचं प्रकरण होतं, जमीन विकल्याशिवाय पैसाच नव्हता. इथे देणारं महामंडळ चालू आहे, पैसे आजही खात्यात येतात, आणि वाद फक्त एका आकड्याचा आहे. वेळ लागेल, तारखा पडतील. पण त्या काळात हप्ता थांबत नाही, नोकरी थांबत नाही. वाढीव टक्के मंजूर झाले तर फरक मूळ तारखेपासून मिळावा, ही मागणी अपिलात स्पष्ट लिहा, म्हणजे उशिराचं नुकसान कमी होईल. सासऱ्यांना एवढं समजावून सांगा.

कोणी तुम्हाला असंही सांगेल की ईएसआय सोडा, 1923 च्या कामगार भरपाई कायद्याखाली आयुक्तांकडे जा, तिथे लाखांत मिळतात. ईएसआयखाली असलेल्या कामगाराला ती वाट कलम 53 ने बंद केली आहे. हे तुमच्यासाठी. पण हे सदर वाचणाऱ्यांपैकी ज्यांना ईएसआय लागू नव्हतं आणि ज्यांचा अपघात 21 नोव्हेंबर 2025 च्या आधीचा आहे, त्यांची वाट तीच. तिथे हिशोब असा होतो: पगाराच्या 60 टक्के, गुणिले वयाचा गुणक, गुणिले अपंगत्वाचे टक्के. जानेवारी 2020 पासून पगार जास्तीत जास्त 15,000 धरतात. 34 वर्षांचा गुणक 199.40, म्हणजे 18 टक्क्यांचे 3,23,028 रुपये. दावा अपघातापासून दोन वर्षांत करायचा. मालकाने महिन्याभरात पैसे दिले नाहीत तर 12 टक्के व्याज. पगारपत्रकाच्या बाहेर ठेवलेल्या ठेकेदाराच्या माणसालाही मूळ मालकाकडून मागता येतं, हे फार जणांना माहीत नसतं.

त्या कायद्याखालचा एक निकाल मात्र तुमच्या वकिलाच्या कानावर घाला, प्रताप नारायण सिंह देव यांचं प्रकरण, सर्वोच्च न्यायालय, 1975. एका सुताराचा डावा हात कोपराच्या वरून गेला होता. यादीप्रमाणे ते अंशतः अपंगत्व. पण सुतारकाम एका हाताने होत नाही, म्हणून त्याचं नुकसान पूर्ण 100 टक्के धरलं गेलं आणि सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवलं. तुमच्या यजमानांना 100 टक्के मिळतील असा याचा अर्थ नाही, ते आज काम करत आहेत. पण यादीतल्या आकड्याच्या पलीकडे जाऊन माणसाचं कसब बघायचं असतं, हे त्यातून ठामपणे मांडता येतं.

आणखी एक दार लक्षात असू द्या, आजच्यासाठी नव्हे. पुढे काही वर्षांनी या दुखापतीमुळेच हात अनपेक्षितपणे जास्त बिघडला, तर फेरतपासणी मागता येते. अंतिम मूल्यांकनाला साधारण पाच वर्षं झाल्यावर, त्याआधी हवी असेल तर न्यायाधिकरणाच्या परवानगीने. पण ती सोय नंतर वाढलेल्या त्रासासाठी आहे. आज जे मोजायचं राहिलं ते मिळवायचा रस्ता अपिलाचाच. "पाच वर्षांनी बघू" म्हणून आत्ताची मुदत घालवू नका.

21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि हे जुने कायदे तिच्यात गेले, हे तुम्ही बातम्यांत ऐकलं असेल. तुमचा अपघात, बोर्ड आणि निर्णय, तिन्ही त्याआधीचे आहेत. म्हणून अपिलात जुन्या कायद्याचंच कलम लिहा, अपघाताची आणि निर्णयाची तारीख पहिल्या परिच्छेदात ठळक येऊ द्या. दाखल करताना खिडकीवर कोणी नवा फॉर्म मागितला तर तोही भरून द्या, पण मूळ अर्ज परत घेऊन घरी येऊ नका. पोच घेतल्याशिवाय हलायचं नाही.

शेवटचं, सहीचं. अपील त्यांच्या नावाचं, सही त्यांचीच लागेल, तुमची चालणार नाही. अपघातानंतर सही बदलली असणार, कदाचित डाव्या हाताने करत असतील. बँकेत, ईएसआयच्या कागदांवर आणि वकीलपत्रावर वेगवेगळी सही दिसली की अडवणूक होते. म्हणून आत्ताच ठरवा की यापुढे कोणती सही. ती आधी बँकेत बदलून घ्या, आणि अपिलासोबत दोन ओळींचं शपथपत्र जोडा की उजव्या हाताच्या दुखापतीमुळे सही बदलली आहे.